मलबार प्रिन्सेस : ना कट, ना खजिना

१/ आजचा धागा दीर्घ आहे आणि त्याचा आरंभ एका कबुलीने करावा लागतो आहे. गेल्या वर्षी २४ जानेवारीला मी डॉ. होमी भाभा यांच्या विमान अपघातावर एक छोटा धागा लिहिला होता. त्याचा शेवट 'अपघात की घातपात?' या प्रश्नाने केला होता. माझ्या अन्य कोणत्याही लेखनाला लाभला नाही इतका प्रतिसाद त्याला लाभला. जामनेरच्या आमच्या गल्लीतील एका काकांनी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर मलाच परत पाठवला. त्यातून माझे नाव गळले होते आणि शेवटचे प्रश्नचिन्हही.

२/ नाव गळल्याचे फारसे वाटले नाही. प्रश्नचिन्ह गळल्याचे मात्र बोचत राहिले. ते काकांनी गाळले नव्हतेच मुळी. मी ते अशा रीतीने लावले होते की वाचणाऱ्याने ते आपोआप गाळावे. पुरावा नव्हता म्हणून प्रश्नाचा आडोसा घेतला होता. आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. ज्या पर्वतावर भाभांचे विमान कोसळले, त्याच पर्वतावर सुमारे पंधरा वर्षे आधी एअर इंडियाचेच दुसरे एक विमान कोसळले होते. माझ्या धाग्यात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. आजचा धागा त्या विमानासाठी.

३/ आरंभ १९४८ पासून करू. ८ मार्च १९४८ रोजी 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' ही कंपनी स्थापन झाली. टाटांच्या जोडीला त्यात भारत सरकारचा ४९ टक्के वाटा होता. ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वातंत्र्याला तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. स्वतः जे. आर. डी. टाटा त्या विमानात होते. चार इंजिनांच्या आणि तीन शेपट्यांच्या त्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाचे नाव होते 'मलबार प्रिन्सेस'. तिच्या भगिनी होत्या 'राजपूत प्रिन्सेस' आणि 'मुघल प्रिन्सेस'.

४/ त्या काळाचा वेग कल्पनेत आणायचा, तर आमच्या गावाचे उदाहरण पुरेसे आहे. जामनेरकराला मुंबई गाठायची असे तेव्हा तो 'पीजे'त, म्हणजे पाचोरा–जामनेर या अरुंद रुळांच्या गाडीत बसे आणि पाचोऱ्याला मोठी गाडी धरी. लंडनला जाणाऱ्या बहुतेकांची वाट समुद्रावरचीच होती आणि तिला आठवडे लागत. तो प्रवास दोन दिवसांवर आणणारे हे विमान साऱ्या देशाच्या अभिमानाचा विषय होते. भारताच्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या आरंभाचे श्रेय ज्या विमानाच्या नावे आहे, तेच हे विमान.

५/ आता २ नोव्हेंबर १९५०. मलबार प्रिन्सेस नेहमीच्याच मार्गाने मुंबईहून निघाली. वैमानिक होते कॅप्टन ॲलन सेंट. कर्मचारी आठ, प्रवासी चाळीस. प्रवाशांत बहुतेक जण भारतीय खलाशी होते. इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू होण्यासाठी त्यांना विमानाने नेले जात होते. आंतरराष्ट्रीय विमान म्हटले की संस्थानिक, मुत्सद्दी, उद्योगपती असे चित्र डोळ्यांपुढे येते. या उड्डाणात त्या चित्राला जागा नव्हती. ही कामावर निघालेली माणसे होती.

६/ हे खलाशी कोण, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश जहाजांचा गाडा कित्येक पिढ्या भारतीय खलाशांच्या श्रमावर चालला. कोणी बॉयलरपुढे कोळसा ओढी, कोणी डेक धुई, कोणी भटारखाना सांभाळी. गोऱ्या खलाशाहून वेतन कमी, राहण्याची जागा कमी. मुंबई बंदरातून जाणाऱ्यांत कोकणाचा आणि गोव्याचा भरणा फार मोठा. करार संपेपर्यंत घर दिसत नसे. सुरतेच्या गिरण्यांत आणि पुण्याच्या कारखान्यांत माणसे धाडणाऱ्या आम्हा खानदेशी लोकांना ही कथा परकी वाटू नये.

७/ ३ नोव्हेंबरची सकाळ. कैरो सोडून विमान जिनिव्हाकडे येत होते आणि आल्प्सवर वादळी हवा होती. पावणेअकराच्या सुमारास रेडिओवर विमानाचा शेवटचा संदेश आला. आपण फ्रान्समधील व्वारों गावाच्या थेट वर, ४,७०० मीटर उंचीवर आहोत, असा त्याचा आशय होता. त्यानंतर विमान गप्प झाले. नकाशा उघडून पाहा. व्वारों आणि मों ब्लां यांत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. विमान कोसळले ते मों ब्लांवर, माथ्याच्या अगदी जवळ.

८/ वादळामुळे शोधकार्य खोळंबले. ५ नोव्हेंबरला एका स्विस विमानाला बर्फात अवशेष दिसले. शामोनीहून गिर्यारोहकांचे पथक निघाले. परंतु वाटेतच रने पायो हा अनुभवी वाटाड्या प्राणास मुकला आणि पथक परत फिरले. दुसऱ्या बाजूने, सें-जेर्व्हे येथून निघालेले वाटाडे पुढे अवशेषांपर्यंत पोहोचले. जिवंत कोणीही नव्हते. विमानातील अठ्ठेचाळीस आणि त्यांच्या शोधार्थ गेलेला एक, असा हा एकूण हिशेब.

९/ विमान कसे नष्ट झाले, यात गूढ काहीच नाही: ढगांनी वेढलेल्या पर्वतावर ते आदळले. गूढ एवढेच की ते तिथे होते का? आपण व्वारोंवर आहोत असे वैमानिकाला कशावरून वाटले? वाऱ्याने विमान मार्गावरून ढकलले? उपकरणाने दगा दिला? की कागदावरील गणित चुकले? या प्रश्नांचे निर्णायक उत्तर कधीच मिळाले नाही. ज्यांना ते देता आले असते, ते बर्फात होते.

१०/ हे उत्तर का मिळू शकत नव्हते, ते १९५० च्या साधनांवरून कळते. त्या काळचा उंचीमापक हवेचा दाब मोजून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगे. समोर कडा आहे की मोकळे आकाश, हे त्याला ठाऊक नसे. विमानाचे स्थान रेडिओच्या खुणा, घड्याळ, वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांच्या बेरजेतून काढले जाई. पर्वतराजीवर वारा अंदाजापेक्षा जोरदार असला की बेरीज चुके आणि ढगात ती पडताळून पाहण्याची सोय नसे. मों ब्लांचा माथा ४,८०० मीटरहून थोडासाच उंच आहे. शेवटच्या संदेशातील उंचीत सुमारे शंभर मीटरची भर पडली असती, तर हा धागा लिहावा लागला नसता.

११/ उत्तर नाही म्हटल्यावर गोष्ट आली. विमानात सोने होते, अशी वदंता त्या खोऱ्यात पसरली आणि टिकली. १९५२ साली फ्रेंच कादंबरीकार आंरी त्र्वाया यांनी या अपघातावरून सुचलेली एक कादंबरी लिहिली. १९५६ मध्ये तिच्यावर हॉलिवुडने 'द माउंटन' हा चित्रपट काढला. त्यात धाकटा भाऊ भारतीय विमानातील प्रेते लुटण्यासाठी शिखर चढतो, थोरला त्याच्यासोबत जातो आणि अवशेषांत त्यांना एक तरुण हिंदू स्त्री जिवंत सापडते. चाळीस प्रवाशांच्या खऱ्या विमानातून पडद्यावर येताना कोळसा ओढणारे हात वगळले गेले.

१२/ आता १९६६ कडे. २४ जानेवारीला एअर इंडियाचे बोइंग ७०७ 'कांचनजंगा' मुंबईहून दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाकडे येताना मों ब्लांवरच आदळले. ११७ जणांचा अंत झाला. त्यांत भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा होते. तेरा दिवस आधी ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले होते आणि इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी त्याच २४ तारखेला होता. काही महिन्यांपूर्वीच भाभांनी आकाशवाणीवर म्हटले होते की, मुभा मिळाल्यास भारत अठरा महिन्यांत अणुबॉम्ब बनवू शकेल. एवढ्या घटना एकापाठोपाठ आल्यावर त्यांना जोडणारा धागा दिसू लागणे साहजिक आहे. मलाही तो दिसला होता.

१३/ परंतु या अपघाताचे कारण, मलबार प्रिन्सेसच्या तुलनेत, पुष्कळच स्पष्ट आहे. विमानातील दोन व्हीओआर दिशादर्शकांपैकी एक नादुरुस्त होता. आपण मों ब्लां ओलांडला आहे अशा समजुतीने वैमानिकाने उंची कमी करण्याची तयारी केली. जिनिव्हाच्या रडार नियंत्रकाने पर्वत अद्याप पाच मैलांवर असल्याचे कळवले. मात्र ती वाक्यरचना अशी होती की वैमानिकाने तिचा अर्थ उलट घेतला आणि तो खाली येत राहिला. फ्रेंच चौकशी पुन्हा उघडण्यात आली आणि मार्च १९६७ मध्ये तिने हाच निष्कर्ष कायम ठेवला.

१४/ मग घातपाताचा 'पुरावा' कोणता? फिरत्या संदेशांचा मुख्य आधार आहे एका अमेरिकी लेखकाने प्रसिद्ध केलेली दूरध्वनीवरील कथित संभाषणे. सीआयएच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने आपल्यापाशी कबुली दिली, असे तो लेखक सांगतो. पुस्तक आले ते त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर. इतिहासाच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात की, ज्या साक्षीदाराला नकार देण्याची संधी उरलेली नाही त्याच्या तोंडी घातलेले वाक्य आधी बाजूला ठेवावे. परीक्षेत मी हे लिहिले होते. धागा लिहिताना विसरले.

१५/ तिसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. १२ जुलै १९४९ रोजी, भर पावसाळ्यात, केएलएम कंपनीचे 'फ्रानेकर' हे विमान मुंबईत उतरण्याच्या बेतात असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. तेही कॉन्स्टेलेशनच. ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार होते आणि त्यांपैकी निकरबॉकर व हीथ हे दोघे पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी होते. इंडोनेशियाचे स्वातंत्र्य तेव्हा नेदरलँड्सशी वाटाघाटींच्या उंबरठ्यावर होते. साहजिकच याही अपघाताभोवती घातपाताचा संशय घोटाळत राहिला. ढग, डोंगर आणि पाऊस एवढ्याने कोणाचे समाधान होईना.

१६/ तिन्ही अपघात शेजारी ठेवा. तिन्हींत धडधाकट विमान ढगात दडलेल्या डोंगरावर गेले. तरीही तिन्हींच्या गोष्टी निरनिराळ्या झाल्या. शास्त्रज्ञ होते तिथे कट आला. पत्रकार होते तिथेही कट आला. खलाशी होते तिथे मात्र कट कोणाला सुचला नाही. तिथे खजिना आला. माझे मत इतकेच आहे: जिथे कारण सापडत नाही तिथे आपण कारण शोधत नाही, प्रवाशांची पत पाहून गोष्ट निवडतो. नामांकित माणसाचा मृत्यू आपल्याला हेतूशिवाय सोसवत नाही. अनाम माणसाच्या मृत्यूत आपण सोबत सोने होते का, एवढेच विचारतो.

१७/ यावर कोणी म्हणेल, मग कट कधी नसतोच काय? असतो. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला जाताना समुद्रात कोसळले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्यात असतील असा घातपात्यांचा समज होता, ते नव्हते. कॅप्टन दामोदर जातार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवण्याचा अखेरपर्यंत प्रयत्न केला. एकोणिसांपैकी तिघे वाचले आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक त्यांतले एक. तिथे कट सिद्ध झाला तो समुद्राच्या तळातून अवशेष वर काढून. उजव्या चाकाच्या खोबणीजवळ स्फोटाच्या खुणा आणि स्फोटक उडवणाऱ्या यंत्रणेचे भाग मिळाले. संशय घेण्यास माझी हरकत नाही. त्याने समुद्राच्या तळापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी.

१८/ गूढाला गोष्टीखेरीज दुसरेही उत्तर देता येते. १९ ऑक्टोबर १९३४ रोजी ऑस्ट्रेलियात 'मिस होबार्ट' हे प्रवासी विमान बास सामुद्रधुनीवर नाहीसे झाले. कारण कधीच निश्चित झाले नाही. त्यात ह्यूबर्ट वॉरन नावाचे एक धर्मोपदेशक होते. नऊ वर्षांच्या मुलाला, डेव्हिडला, त्यांनी दिलेली शेवटची भेट म्हणजे एक साधा क्रिस्टल रेडिओ. मुलगा मोठा होऊन रसायनशास्त्रज्ञ झाला. १९५३ साली कॉमेट या नव्या जेट विमानाच्या अपघातांचा अभ्यास करताना त्याला वाटले, शेवटच्या क्षणी कॉकपिटमध्ये काय बोलले गेले ते नोंदले गेले असते तर? त्या अपघातांपैकी एक २ मे १९५३ रोजी कलकत्त्याजवळ घडला होता. त्यात ४३ जण मृत्युमुखी पडले होते.

१९/ आज ज्याला आपण ब्लॅक बॉक्स म्हणतो, त्यातील ध्वनिमुद्रकाची कल्पना या डेव्हिड वॉरन यांची. आरंभी त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रक सक्तीचा करण्यात ऑस्ट्रेलियाच अग्रणी ठरला. दुसरे उत्तर डॉन बेटमन या अभियंत्याने शोधले: जमीन किंवा डोंगर धोकादायकरीत्या जवळ येत असेल तर वैमानिकाला आधीच सावध करणारे यंत्र. डिसेंबर १९७४ मध्ये व्हर्जिनियातील डोंगरावर विमान आदळून ९२ जण गेले आणि त्यानंतर अमेरिकेने ते सक्तीचे केले. आज आपण ढगातून निर्धास्त उतरतो, त्यामागे 'कोणी मारले?' ऐवजी 'काय घडले?' हे विचारणाऱ्यांचे श्रम आहेत.

२०/ मों ब्लांकडे परत येऊ, कारण तो पर्वत स्वतःच एक संथ दप्तरखाना आहे. माथ्याजवळ जे गाडले गेले ते बोसों हिमनदी पोटात घेऊन वर्षानुवर्षे खाली सरकते आणि पायथ्याशी बाहेर टाकते. १९७८ साली मलबार प्रिन्सेसमधील टपाल असे बाहेर आले. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालपिशवी मिळाली, ती कांचनजंगाची. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी सापडली आणि त्याने ती सरळ पोलिसांच्या हवाली केली. २०१७ मध्ये मानवी अवशेष मिळाले. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी छापलेली जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे निघाली.

२१/ या यादीतील कशाची बातमी झाली ते आठवून पाहा. रत्नांची झाली. वृत्तपत्रांची झाली. आणि प्रत्येक बातमीत 'भाभांचे विमान' हे शब्द होते. बर्फाने दोन्ही विमाने एकत्र कालवली आहेत. एखादा पत्र्याचा तुकडा सापडला तर तो १९५० चा की १९६६ चा, हे तपासावे लागते. हिमनदीने भेदभाव केला नाही, तो आपण करतो. भाभांचे नाव आमच्या जामनेरचे शाळकरी पोरही सांगेल. मलबार प्रिन्सेसमधील चाळिसांपैकी एक तरी नाव आपल्यापैकी किती जणांना येते? मला येत नव्हते आणि ते शोधावे असेही वाटले नव्हते.

२२/ म्हणून माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्याला अनुयायी हवे असतात आणि 'गूढ' हा शब्द ते आणून देतो, हे मी अनुभवाने सांगते. परंतु या अपघातासंबंधी खरे काम अजून पडून आहे. खलाशी संघटनांची दप्तरे, जहाज कंपन्यांच्या भरतीवह्या, नोव्हेंबर १९५० ची मुंबईची वृत्तपत्रे, कोकणातील आणि गोव्यातील घरांत पेटीच्या तळाशी राहिलेली पत्रे. तुमच्या आजोळी कोणी 'जहाजावर होता आणि विमानात गेला' असे सांगत असेल, तर ते ऐका, लिहून घ्या, तारीख विचारा. एका नावाची खात्रीलायक नोंद शंभर तर्कांहून अधिक मोलाची आहे.

२३/ गेल्या वर्षीचा धागा मी पुसलेला नाही. आपली चूक दडवणे हेही पुराव्याशी केलेले अप्रामाणिकपणच ठरेल. त्याच्या खाली दुरुस्ती जोडली आहे आणि हा धागाही जोडत आहे. काकांनाही पाठवला. त्यांचे उत्तर आले: "एवढं मोठं कोण वाचतं, बेटा? पण ते खलाशी कुठले होते गं?" अपघाताच्या इतिहासात विचारावा असा हाच पहिला प्रश्न होता, आणि तो मला वर्षभर सुचला नव्हता.

धागा समाप्त. दुरुस्त्या आणि भर यांचे मनःपूर्वक स्वागत.